तारण काय?

एकतीस वर्षे मी बँकेत लोकांना एकच प्रश्न विचारून संसार केला. प्रश्न असा : ‘‘तारण काय?’’ पुढचा माणूस मुलीच्या लग्नासाठी आलेला असो, यंत्रमागासाठी आलेला असो की नुसताच पंख्याखाली बसायला आलेला असो, माझ्या तोंडून हेच दोन शब्द पडायचे. निवृत्त झाल्यावरही सवय गेली नाही. शेजारीण वाटीभर साखर मागायला आली तेव्हा मी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता ‘तारण?’ असे पुटपुटलो, अशी एक गोष्ट आमच्या घरात सांगितली जाते. गोष्ट साफ खोटी आहे. साखर नव्हती, चहाची पावडर होती.

नोकरीतली निम्म्याहून अधिक वर्षे मालेगावात गेली आणि नंतर कॅम्पातच घर बांधून राहिलो. मालेगाव म्हणजे यंत्रमाग. मोसम नदीच्या एका अंगाला आम्ही कॅम्पवाले, दुसऱ्या अंगाला गाव, आणि गावात रात्रंदिवस चाललेला तो खटखटाट. पहिली चार वर्षे आमचे बिऱ्हाड गावात होते. नव्या माणसाला त्या आवाजाने पहिला आठवडा झोप येत नाही. पुढे सवय अशी जडते की शुक्रवारी मागांना सुट्टी असते तेव्हा त्या शांततेने दचकून जाग येते. यंत्रमागाला कर्ज देणे सोपे. माग दिसतो, त्याला हात लावता येतो, त्याच्यावर बँकेच्या नावाची पाटी ठोकता येते. हप्ता थकला तरी माग कुठे पळत नाही. पळालाच तर मालक पळतो.

अशा मुशीतून निघालेल्या माणसापुढे २०१७ साली माझ्या भाच्याने एक प्रस्ताव ठेवला. भाचा पुण्याला हिंजवडीत एका कंपनीत नोकरीला. चार दिवसांच्या रजेवर आला होता. मनमाडला उतरून एसटीने घरी पोहोचला, हातपाय धुतले, मामीच्या हातची शेवभाजी ओरपली आणि म्हणाला,

‘‘मामा, एका गेमला पैसे द्यायचेत.’’

मला वाटले, टेनिस बॉल क्रिकेटच्या कुठल्या तरी चषकाची वर्गणी असेल. ‘‘किती ओव्हरची मॅच आहे?’’

‘‘मॅच नाही मामा. व्हिडिओ गेम.’’

‘‘मग आण की विकत. मला काय विचारतोस?’’

‘‘विकत नाही मिळत. अजून तयार व्हायचाय.’’

‘‘तयार झाला की आण.’’

‘‘लोकांनी पैसे दिले तर तयार होईल.’’

बँकेत असतो तर इथे घंटी वाजवून शिपायाला दोन चहा सांगितले असते. अर्जदार लांबणार असे दिसले की आम्ही तसेच करत असू. इथे घंटी नव्हती, म्हणून सौ.ला हाक मारली.

मग चौकशी सुरू झाली. व्याज किती? व्याज नाही. लाभांश? लाभांश नाही. मुद्दल कधी परत? मुद्दल परत मिळत नाही. हे कर्ज नव्हे, भाग नव्हे, ठेव तर नव्हेच नव्हे. ‘‘मग आहे तरी काय?’’ तर म्हणे क्राउडफंडिंग. नाव ऐकून क्षणभर मी दबलो, पण तपशील ऐकत गेलो तसतशी ओळख पटू लागली. पुष्कळांकडून थोडेथोडे पैसे घ्यायचे, काम पार पाडायचे, आणि देणाऱ्याच्या हातावर प्रसाद ठेवायचा. आपल्याकडे याला वर्गणी म्हणतात! गणपतीच्या आधी पंधरा दिवस आमच्या गल्लीतली पोरे पावतीपुस्तक घेऊन दारात उभी राहतात ती दुसरे काय करतात? फरक इतकाच की ती पोरे आकडा आधीच पावतीवर लिहून आणतात.

मात्र या अमेरिकन वर्गणीची एक अट मला मनापासून आवडली. किकस्टार्टर नावाची ही व्यवस्था २००९ साली तिकडे सुरू झाली. मागणाऱ्याने आकडा आणि मुदत आधी जाहीर करायची. मुदतीत आकडा गाठला तरच लोकांच्या खात्यातून पैसे वळते होतात. एका रुपयाने जरी कमी पडले तरी कोणाचेच पैसे घेत नाहीत. सगळे किंवा काहीच नाही. आमच्या गल्लीतल्या मंडळाला ही अट घातली तर निम्मे गणपती बसणार नाहीत आणि उरलेल्यांचे डीजे वाजणार नाहीत. मी अटीच्या बाजूने आहे.

आता अर्जदाराविषयी. अर्जदार पुण्याचाच निघाला : नॉडिंग हेड्स गेम्स. म्हणजे माना डोलावणारे. अशा माना मी आमच्या विभागीय कार्यालयात पुष्कळ पाहिल्या होत्या, पण त्यांनी काही निर्माण केल्याचे ऐकिवात नव्हते. ही मंडळी ‘राजी’ नावाचा खेळ करत होती. राजी ही डोंबाऱ्यासारखे कसरतीचे खेळ करणारी पोर, गोलू हा तिचा धाकटा भाऊ. असुर येऊन मुलांना पळवून नेतात, त्यांत गोलूही जातो, आणि राजी त्याला शोधायला निघते. दुर्गा तिच्या हातात त्रिशूळ देते. भाच्याने लॅपटॉप उघडून झलक दाखवली. राजस्थानी वाड्यांसारख्या कमानी आणि गच्च्या, जुन्या पहाडी चित्रांतले वाटावेत असे रंग. मधली गोष्ट सांगायला कळसूत्री सावल्यांचा खेळ. ती मुलगी भिंतीवरून पळते, खांबाभोवती गिरकी घेते आणि असुराच्या डोक्यात त्रिशूळ घालते.

‘‘भावाला सोडवायला बहीण निघालीय?’’ चहा घेऊन आलेली सौ. पडद्याकडे बघत म्हणाली. ‘‘मग द्या की. एरवी नुसती ओवाळणीच चालते.’’

हा तिचा कर्जमंजुरीचा निकष. एकतीस वर्षांत मी जे वाचवले ते ती माझ्या खुर्चीत नव्हती म्हणून.

माझी शंका वेगळी होती. काल्पनिक भिंतीवरून काल्पनिक पोरगी पळवायला खरे पैसे किती लागावेत? भाचा खवळला. म्हणाला, मामा, त्या पडद्यावरची एकेक भिंत कोणीतरी आधी कागदावर काढते, मग संगणकात उभी करते, मग तिच्यावर रंग चढवते, मग तिच्यावर ऊन पाडते. राजीने एक पाऊल टाकायचे म्हणजे गुडघा कुठे वाकतो, ओढणी कुठे जाते, हे सगळे कोणीतरी बसून ठरवायचे. दहा-बारा माणसांनी दोन-तीन वर्षे बसून करायचे काम, आणि तोवर विक्री शून्य. त्या माणसांनी जेवायचे काय? हत्यार तेवढे फुकट. अनरियल इंजिन नावाचे. ते २०१५ पासून कोणालाही मोफत वापरता येते. कमाई झाली तर ठरावीक मर्यादेनंतर पाच टक्के द्यायचे. हे ऐकून मला बरे वाटले. पीक आल्यावर वाटा घेणारा सावकार आपल्याकडेही असे, पण तो फुकट नांगर देत नसे.

‘‘आणि यांच्यामागे मोठी कंपनी कोणती?’’

‘‘कोणी नाही. ते स्वतंत्र आहेत.’’

बँकेच्या भाषेत याला निराधार म्हणतात.

मी दीड हजार रुपयांचा विचार करायला दोन दिवसांची मुदत मागून घेतली. तुम्ही म्हणाल, दीड हजारासाठी दोन दिवस? अहो, दीड हजारासाठी मी माणसांना तीन-तीन खेपा घालायला लावल्या आहेत. आणि खरे सांगायचे तर प्रश्न दीड हजाराचा राहिलाच नाही, कारण त्याच संध्याकाळी बहिणीचा धुळ्याहून फोन आला.

‘‘दादा, तू त्याला पैसे दिलेस?’’

‘‘नाही अजून.’’

‘‘देऊ नकोस. मी हात जोडते. पंधराशेचं काही नाही रे, मी पाठवीन तुला. पण तू दिलेस की तो म्हणणार, मामांनीसुद्धा दिले. मामा बँकेतले, मामांना पटलं. आणि सोमवारी राजीनामा टाकणार. त्याला हेच करायचंय. खेळ काढायचेत त्याला! इंजिनिअर होऊन!’’

मग थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘माझ्या पाटल्या त्याच्या पहिल्या वर्षाच्या फीला गेल्यात, हे विसरू नकोस.’’

मी विसरलो नव्हतो. पाटल्या मीच सराफाकडे नेल्या होत्या. उरलेल्या तीन वर्षांसाठी शैक्षणिक कर्ज काढले त्याला जामीनदार म्हणून सही माझीच, आणि हप्ते अजून अठरा महिन्यांचे बाकी होते. म्हणजे पाहा : व्हिडिओ गेमला दीड हजार द्यावेत का, हा प्रश्न फिरून फिरून माझ्याच सहीवर येऊन बसला. घरातल्या वडीलधाऱ्याची वर्गणी ही नुसती वर्गणी नसते, तो शेरा असतो. लाल शाईतला.

रात्री मी जुन्या सवयीने प्रकरणाची पूर्वपीठिका तपासायला बसलो. भाच्याचाच लॅपटॉप, आणि त्याचे शुभेच्छुक म्हणावेत असे काहीच त्यात सापडेना. २०१२ साली अमेरिकेतल्या डबल फाइन नावाच्या कंपनीने एका खेळासाठी ४ लाख डॉलर मागितले. लोकांनी ३३ लाखांहून अधिक दिले. देणारे सत्याऐंशी हजार. माल त्याच वर्षी ऑक्टोबरात द्यायचा होता. अर्धा खेळ आला जानेवारी २०१४ मध्ये आणि उरलेला अर्धा एप्रिल २०१५ मध्ये, कारण आठपट पैसे मिळाल्यावर यांनी खेळही तितकाच वाढवला आणि पैसे पुन्हा अपुरे पडले! हे वाचून मात्र मला परदेशाविषयी वाटणारा आदर थोडा कमी झाला आणि आपुलकी वाढली. घराचे बांधकाम काढलेला प्रत्येक माणूस हे करतो. त्याच साली ‘स्टार सिटिझन’ नावाच्या दुसऱ्या एका खेळाला लोक पैसे देऊ लागले ते देतच राहिले. कोट्यवधी डॉलर गोळा झाले आणि बारा वर्षांनंतरही, २०२४ उजाडले तरी बांधकाम चालूच होते. लोक त्यात राहायला मात्र गेले होते. आमच्याकडे सोसायट्यांत असेच असते.

पण माझे मन का कोण जाणे, दुसऱ्याच दिशेला ओढ घेऊ लागले. नाशिक जिल्ह्यातला माणूस अशा वेळी त्र्यंबकेश्वरला जातो. मीही गेलो, म्हणजे मनाने, दादासाहेब फाळक्यांकडे.

फाळक्यांनी १९११ साली मुंबईत ख्रिस्ताचा सिनेमा पाहिला आणि रामकृष्णांचा सिनेमा काढायचे डोक्यात घेतले. वय चाळिशीपार, नोकरी सोडलेली, छापखान्याचा धंदा सुटलेला, पदरात मुलेबाळे. आयुर्विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन आले. आता चित्रपटाला भांडवल कोण देणार? ‘चित्रपट’ ही वस्तूच कोणी इथे बनवलेली नव्हती. फाळक्यांनी काय केले, एका कुंडीत वाटाणा लावला. रोज त्याचे थोडे थोडे चित्रण. महिनाभराने ते सगळे सलग दाखवले तर कोंब मातीतून वर येतो, वळतो, पाने फुटतात, वेल चढते, सारे मिनिटभरात! ते पाहून फोटोच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी पैसे द्यायला तयार झाले. सरस्वतीबाईंचे दागिने त्या खटाटोपात गेले ते गेलेच. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला.

मी त्या नाडकर्ण्यांचा फार वेळ विचार केला. फाळक्यांवर पुस्तके आहेत, पुरस्कार आहे, तिकीट निघाले. पण अंधाऱ्या खोलीत वाटाण्याचा वेल चढताना पाहून ‘‘किती पाहिजेत?’’ असे म्हणणारा तो व्यापारी! माझ्यासमोर कोणी वाटाणा आणला असता तर मी पीककर्जाचा फॉर्म दिला असता.

आणि वर्गणीच म्हणाल तर आपला महाराष्ट्र त्यात कोणाला हार जाणार नाही. अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी दर माणशी वर्षाला एक पैसा या हिशेबाने ‘पैसा फंड’ गोळा केला, टिळकांनी पाठबळ दिले, आणि १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. एका पैशाची पावती! आमच्या बँकेत ती फाडायला कागदाचाच खर्च जास्त आला असता. केतकरांनी ज्ञानकोशाचे २३ खंड असेच, कंपनी काढून, भाग विकून आणि वर्गणीदार मिळवून पुरे केले. तेंडुलकरांनी पटकथा लिहिलेला बेनेगलांचा ‘मंथन’ १९७६ साली आला तो गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी दिलेल्या दोन-दोन रुपयांवर. मराठी माणूस तर पुस्तक छापून होण्याआधी ‘प्रकाशनपूर्व सवलत’ म्हणून पैसे भरतो आणि मग वर्षभर प्रकाशकाला कार्डे टाकतो. आमच्या कपाटात असा एक चार खंडी प्रकल्प आहे, त्याचे तीन खंड आले. चौथा यायच्या आत प्रकाशक वारले. मला पैशाचे काही वाटत नाही, पण फळीवर ती जागा अजून रिकामी आहे, तिथे सौ. पोळपाट उभा करून ठेवते.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. गाव शांत. मी मोसम पूल ओलांडून हाजीसाहेबांकडे गेलो. हाजीसाहेब आमच्या शाखेचे जुने कर्जदार, चोवीस मागांचे मालक, एकही हप्ता न चुकवलेले. त्यामुळे बँकेत त्यांना कोणी फारसे ओळखत नसे. बुडव्यांची नावे शिपायालाही पाठ असतात. त्यांना मी सगळी हकिगत सांगितली. ते हसायलाच लागले.

‘‘साहब, आप मालेगाव में बैठके ये पूछ रहे हैं?’’

बरोबर होते त्यांचे. या गावाने हा खेळ केव्हाच खेळून झाला होता. नासिर शेख या व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या गृहस्थाने २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला, सुमारे पन्नास हजारांत, असे सांगतात. घोडे परवडेनात म्हणून डाकू सायकलींवर आले. कॅमेरा वर न्यायला क्रेन नाही, तर बैलगाडी उलट्या बाजूने उचलायची. नटांना पगार नाही. सगळे इथलेच, कोणी मागावरचे, कोणी दुकानातले. नंतर ‘मालेगाव का सुपरमॅन’ आला. त्यातला सुपरमॅन शफीक शेख हा मागावर काम करणारा हाडकुळा तरुण, आणि त्याचे वैरी म्हणजे गावातली घाण आणि गुटखा. त्या चित्रीकरणावर फैजा अहमद खान यांनी माहितीपट केला, तो जगभर गाजला. शफीक २०११ साली कर्करोगाने गेला. पुढे २०२५ साली या सगळ्या वेडाचारावर मुंबईकरांनी ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा रीतसर सिनेमा काढला, तोही रीमा कागतींसारख्या नावाजलेल्या दिग्दर्शिकेने. या मंडळींपैकी कोणी कर्जासाठी माझ्या टेबलापाशी आले नव्हते. त्यांना माझा स्वभाव माहीत असणार.

‘‘मैंने भी दिया था एक पिच्चर को,’’ हाजीसाहेब म्हणाले. ‘‘पाँच सौ रुपये. अपने कारखाने का एक कारागीर था उस में.’’

‘‘मग परत काय मिळाले?’’

‘‘मेरा कारखाना दिखा ना साहब पिच्चर में! पीछे. तीन सेकंद.’’

‘‘बस?’’

‘‘चार बार देखा मैंने,’’ हाजीसाहेब म्हणाले, आणि मुलाला कुल्फी आणायला पिटाळले.

मी कुल्फी खाऊन परत निघालो. पुलावर उभा राहून हिशेब घातला. नऊ महिन्यांच्या मुदत ठेवीवर मला जे व्याज मिळते ते पाहून कोणी कुल्फी मागवल्याचे मला आठवत नाही.

घरी येऊन भाच्याला समोर बसवले आणि निकाल दिला. निकाल दोन कलमी होता. कलम एक : दीड हजार मंजूर. तारण नाही, जामीन नाही, व्याज नाही, आणि खेळ बुडाला तर मी एक अक्षर बोलणार नाही. कलम दोन : हे पैसे राजीला आहेत, तुझ्या राजीनाम्याला नाहीत. शैक्षणिक कर्जाचे अठरा हप्ते फिटल्यावर, बँकेकडून बेबाकीचा दाखला आणून माझ्या हातात दिल्यावर, तुला भिंती काढायच्या असतील तर भिंती काढ, असुर काढायचे असतील तर असुर. तुझ्या आईशी मी बोलेन. तोवर रात्री जागून शिक.

‘‘आणि आईच्या पाटल्या?’’ भाच्याने विचारले. हा प्रश्न त्याने आपणहून विचारला, याची मी मनातल्या मनात नोंद केली.

‘‘त्याही. पण त्याला मी मुदत घालत नाही.’’

पैसे क्रेडिट कार्डावरून भरायचे होते. जन्मभर दुसऱ्यांना उधारी देणाऱ्या माणसाकडे स्वतःचे क्रेडिट कार्ड नाही, याचे भाच्याला हसू आले. त्याच्या कार्डावरून माझ्या नावाने वर्गणी नोंदवली आणि मी दीड हजार रोख पाकिटात घालून, वर ‘राजी’ असे लिहून, कपाटात ठेवले. पैसे कापले गेले की त्याला द्यायचे. मुदतीपर्यंत मी रोज सकाळी त्याला फोन करून आकडा विचारत असे. शेअर बाजाराचा आकडा मी जन्मात विचारला नाही. सौ.ने देवापुढे हात जोडताना काही पुटपुटलेलेही मी ऐकले, पण त्याविषयी विचारले नाही.

मुदत संपली. आकडा गाठला गेला नाही.

अटीप्रमाणे कोणाचाच पैसा घेतला गेला नाही. दीड हजार पाकिटातच राहिले. बँकेच्या चष्म्यातून पाहिले तर हा आदर्श व्यवहार : उदारपणाचे श्रेय पदरात आणि रोकड कपाटात. पण दोन दिवस घरात कोणी त्या कपाटाकडे वळून पाहिले नाही. बहिणीचा फोन आला, तीही ‘बरं झालं’ म्हणाली नाही. म्हणाली, ‘‘मग आता त्या मुलीच्या भावाचं काय?’’ म्हणजे झलक तिनेही पाहिली होती तर!

त्या पुण्याच्या मंडळींनी काम सोडले नाही. संस्थापकांपैकी एकाने राहता फ्लॅट विकला असे पुढे वाचनात आले. मला एकदम पाटल्या आठवल्या. मुंबईचे फाळके असोत की पुण्याचे नॉडिंग हेड्स, अशा कामात घरातली एखादी वस्तू गेल्याशिवाय गोष्ट पुढे सरकतच नाही, असे दिसते. २०२० च्या ऑगस्टमध्ये खेळ आधी निन्टेंडो स्विच नावाच्या यंत्रावर आला आणि ऑक्टोबरात संगणकावर. त्या वर्षी मालेगावचे नाव रोज बातम्यांत होते ते कोरोनामुळे. एप्रिल-मे महिन्यांत तर मागसुद्धा बंद, आठवडाभर शुक्रवारच. ऑक्टोबरात भाचा आला तेव्हा मी पाकीट काढून त्याच्या हातात दिले. तीन वर्षे त्यातल्या नोटेला हात लावलेला नव्हता. बँकेत अशा रकमेला सस्पेन्स खाते म्हणतात. त्यातून राजी विकत आला.

मी खेळून पाहिला. राजी माझ्या हाती सुरक्षित नाही. पहिल्या भिंतीवरून मी तिला अकरा वेळा खाली पाडले. सौ.ने मला उठवले आणि स्वतः बसली. तिने नऊ वेळा पाडले आणि तेवढ्यावरून ती आजही माझ्याशी तुच्छतेने बोलते. डिसेंबरात अमेरिकेतल्या गेम अवॉर्ड्समध्ये नवोदितांच्या पहिल्या स्वतंत्र खेळासाठी जी पाच नामांकने झाली त्यांत राजी होती. बक्षीस दुसऱ्याच कोणाला मिळाले. परीक्षकांविषयी सौ.चे मत इथे छापण्यासारखे नाही.

भाच्याने हप्ते फेडले, दाखला आणला (मी तो उजेडात धरून शिक्का तपासला), आणि २०१९ मध्येच नोकरी सोडली होती. आता एका लहानशा कंपनीत आहे. पगार पूर्वीपेक्षा कमी. करतो काय, तर झाडे काढतो. दुसऱ्यांच्या खेळांतली झाडे. सहा वर्षे झाली, झाडेच काढतोय. त्याची आई लोकांना ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढेच सांगते आणि विषय पाटल्यांवर नेते; एक आली आहे, दुसरी यायची आहे.

मागल्या महिन्यात त्याने मला एक चित्र पाठवले. ‘मामा, ओळखा.’ आमच्या अंगणातला कडुनिंब होता. खोडाला तीच गाठ, डावीकडे झुकलेली तीच फांदी, खाली आमच्या झोपाळ्याएवढी सावली. खेळाचे नाव सांगायची त्याला परवानगी नाही. आणखी दोन वर्षांनी येईल म्हणे. मी चष्मा पुसून, चित्र मोठे करकरून तपासले. खेळातला महिना चैत्र आहे असे त्यानेच लिहिले होते, आणि चैत्रात कडुनिंबाला मोहर असतो. याच्या झाडाला एक फूल नाही. मी तसे लेखी कळवले आहे. दुरुस्ती अजून आलेली नाही.